आपली आफ्रिका झाली म्हणे! अहो, तेवढी तरी झाली असती तर...

पोस्ट लांब झालीय. वेळ असेल तेव्हाच वाचा, पण शिव्या घालायच्या आधी शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती.

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणीतरी दोन फोटो जोडून टाकले. डावीकडे जत तालुक्यातला टँकर आणि भोवती घागरींची रांग. उजवीकडे पुरात बुडालेली सांगली. दोन्ही एकाच जिल्ह्यातले. खाली ओळ होती, "आपली आफ्रिका झाली." त्यावर पंधरा-वीस जण हसले. मला काही हसू आलं नाही.

एक तर मी भूगोल शिकवते. नववी-दहावीच्या पोरांना "आफ्रिका म्हणजे काय?" विचारलं की दुष्काळ, भूक, हुकूमशहा एवढंच येतं, आणि ते त्यांच्या घरातल्या अशाच फोटोंतून येतं. दुसरं म्हणजे हे दोन्ही फोटो माझ्या घरचे आहेत. माहेर आटपाडी तालुक्यात, सासर पलूस तालुक्यात कृष्णाकाठाला. आमच्या वडलांनी जनावरं छावणीत बांधली, आणि आमच्या आत्यांना (सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो) २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी हाताला धरून बोटीत बसवलं. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं गेली. नदीकाठच्या कुठल्याही घरात तो दिवस कुणी विसरलेलं नाही. त्या दिवशी माझा भाऊ फोनवर म्हणाला, "तायडे, त्यातलं थोडं पाणी आमच्याकडं आलं असतं तर तुमचंबी घर वाचलं असतं आणि आमचंबी रान." सरळ वाक्य आहे. पण गेली तीस वर्षं या दोन जिल्ह्यांचं सगळं राजकारण त्या वाक्याभोवती फिरतंय, आणि ते पूर्ण करायला कुणाला जमलेलं नाही.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, "आफ्रिकेसारखी अवस्था असती तर बरं झालं असतं." त्यावर जे काही झालं ते जाऊ दे. इथे नीट लिहिते.

सेनेगल नावाची नदी आहे. गिनीच्या डोंगरात उगम, मग माली, आणि पुढे सेनेगल-मॉरिटानियाच्या सीमेवरून वाहत समुद्राला मिळते. १९६८ नंतर त्या पट्ट्यात भयंकर दुष्काळ पडला, आपल्या १९७२ च्या आगेमागेच म्हणा. १९७२ साली माली, मॉरिटानिया आणि सेनेगल या तीन देशांनी मिळून नदीखोऱ्याची एक संघटना काढली. गिनी २००६ मध्ये आत आला. आता हे नीट वाचा. त्यांनी करार असा केला की नदीवरची मोठी धरणं ज्या देशाच्या जमिनीवर असतील त्या देशाची नाहीत, सगळ्यांच्या सामायिक मालकीची आहेत. मनंताली धरण पूर्ण मालीच्या हद्दीत आहे. पण त्याच्या विजेतला ५२ टक्के वाटा मालीचा, ३३ टक्के सेनेगलचा, १५ टक्के मॉरिटानियाचा. कर्जही सामायिक. १९८९ मध्ये सेनेगल आणि मॉरिटानियात दंगली झाल्या, माणसं मारली गेली, हजारोंना सीमेपलीकडे हाकललं, युद्धाची वेळ आली. नदीची संघटना मात्र मोडली नाही.

देश वेगळे, कुठे लष्करी राजवट, कुठे निवडून आलेलं सरकार, सगळे गरीब. आणि धरण सामायिक! आपल्याकडे एकाच राज्यात, एकाच पाटबंधारे महामंडळाखाली, सातारच्या धरणातून किती पाणी सुटलं हे सांगलीच्या माणसाला व्हॉट्सॲपवरच्या कुठल्यातरी फॉरवर्डवरून कळतं, आणि ते खरं की मागच्या वर्षीचं हे शोधण्यात अर्धी रात्र जाते.

लगेच कुणीतरी म्हणेल, "ताई, आफ्रिकेचं फार कौतुक नको." नकोच. त्या धरणांमुळे सेनेगलच्या खोऱ्यात पूर ओसरल्यावर होणारी पारंपरिक शेती मोडली, साचलेल्या पाण्याने रोगराई वाढली, त्यावर तिथलेच लोक भांडलेत. नाईलवर इथिओपियाने मोठं धरण बांधलं आणि इजिप्तशी अजून जमलेलं नाही. आफ्रिकेतही दोन तऱ्हा आहेत. मी चांगली तऱ्हा सांगतेय, कारण वाईट तऱ्हा तुम्हाला घरबसल्या दिसतेच. ती बघायला नाईलला जायची गरज नाही, अलमट्टी पुरे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. २००३ मध्ये आफ्रिकेतल्या देशांनी एक व्यवस्था सुरू केली. एका देशाचा कारभार बाकीच्या देशांनी तपासायचा. सक्ती नाही, स्वतःहून सामील व्हायचं. आधी देशाने स्वतःचं मूल्यमापन लिहायचं, त्यात नुसतं सरकार नाही तर नागरिकांच्या संघटनाही. मग बाहेरची जाणकार मंडळी येऊन फिरणार, लोकांशी बोलणार, अहवाल लिहिणार. आणि तो अहवाल इतर राष्ट्रप्रमुखांच्या समोर त्या राष्ट्रप्रमुखाला ऐकून घ्यावा लागणार. घाना, रवांडा, केनिया, मॉरिशस हे पहिले तयार झाले. केनियाच्या २००६ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं होतं की जातीजमातींतली तेढ धोक्याची आहे. २००७ च्या शेवटी निवडणूक झाली आणि हजाराच्या वर माणसं मेली. दक्षिण आफ्रिकेच्या अहवालात परदेशी मजुरांबद्दलच्या द्वेषाचा इशारा होता. तिथल्या सरकारला तो आवडला नाही. मे २००८ मध्ये दंगली झाल्या, साठच्या वर माणसं गेली.

म्हणजे उपयोग झाला नाही असंच म्हणाल ना? पण तिथे निदान शेजाऱ्याने तोंडावर सांगितलं, कागदावर सांगितलं, आणि नंतर कुणाला "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणायची सोय उरली नाही. आपल्याकडे कुठल्या नेत्याने दुसऱ्या नेत्याच्या तालुक्यात जाऊन, निवडणूक नसताना, मैत्री राखून, "तुमच्या कालव्याचं काम नीट झालेलं नाही" असं सांगितलंय? निवडणुकीत सांगतात, ते आरोप असतात. आणि निवडणूक झाली की दोघं एकाच लग्नात एकाच टेबलावर जेवायला.

एकत्र येणं आपल्याकडच्यांना जमत नाही असं अजिबात नाही हो. जिल्हा बँकेची निवडणूक बघा. साताऱ्यात २०२१ ला राष्ट्रवादीचे आणि भाजपचे आमदार एकाच पॅनेलमध्ये बसले. "सहकारात राजकारण नको" हे वाक्य तेवढ्या महिन्यापुरतं सगळ्यांना पाठ असतं. कारखान्याच्या सभासदाचं मत लागतं तेव्हा विळ्या-भोपळ्याचं सख्य असणारी घराणी एका फोटोत मावतात. मग त्याच माणसांना सातारा, सांगली आणि पलीकडच्या बेळगाव-विजयपूरच्या पाण्यासाठी एका टेबलावर बसायला काय होतं? बँकेत काय वाटून घ्यायचं ते ठरलेलं असतं आणि पाण्यात द्यावं लागतं, एवढाच फरक मला दिसतो.

या दोन जिल्ह्यांनी राज्याला काय कमी दिलंय का? यशवंतराव चव्हाण, वसंतदादा, बाबासाहेब भोसले, पृथ्वीराज चव्हाण, एकनाथ शिंदे. मुख्यमंत्री मोजायला एका हाताची बोटं लागतात, आणि सगळी लागतात. एक काळ असा होता की आर. आर. आबा, पतंगराव कदम आणि जयंत पाटील एकाच वेळी एकाच मंत्रिमंडळात होते, तिघंही सांगलीचे. आबांचा तासगाव-कवठेमहांकाळ म्हणजे तर दुष्काळाचंच रान. एवढी ताकद एका जिल्ह्यात पुन्हा कधी येईल माहीत नाही. तरी टेंभू-ताकारी-म्हैसाळ या योजना पूर्ण व्हायला पिढी गेली.

टेंभूचंच घ्या. कराडजवळच्या ज्या टेंभू गावात आगरकर जन्मले तिथूनच कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत सातारा, सांगली, सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या दुष्काळी तालुक्यांना द्यायचं. १९९० च्या दशकात काम सुरू झालं. घाई कशाची होती? बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिलेलं आणि त्या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकणार होता. त्याआधी पाणी अडवलं नाही तर हातचं जाईल म्हणून १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ आलं, कर्जरोखे निघाले, नारळ फुटले. मी तेव्हा कॉलेजात होते. वडील म्हणायचे, "तुझ्या लग्नापर्यंत पाणी येतंय बघ." माझ्या मुलाला मिसरूड फुटलं तेव्हा आमच्या रानाजवळ पाणी आलं. वडील तोवर नव्हते.

आणि हे पाणी कुणा एका साहेबांनी आणलं असं जे फ्लेक्सवर लिहिलेलं असतं ना, त्याच्यावर माझा राग आहे. पाणी आणलं ते पाणी परिषदेने. १९९३ पासून आटपाडीला परिषदा भरल्या. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख, कासेगावचे डॉ. भारत पाटणकर. तेरा दुष्काळी तालुके, तीन जिल्हे. आता यात अण्णांचं काय होतं सांगा? त्यांचा हुतात्मा कारखाना वाळव्यात, कृष्णेच्या काठाला, पाण्यात. त्यांचे मतदार, त्यांचे सभासद सगळे बागायतदार. त्यांनी आटपाडी-जतच्या पाण्यासाठी आयुष्याची शेवटची वीस वर्षं घालवायचं काही कारण नव्हतं. शेकापचे गणपतराव आणि कुठल्याच निवडणुकीच्या गणितात न बसणारे पाटणकर एका व्यासपीठावर बसायचे. मी लहान असताना वडलांच्या सायकलवर बसून विटा भागातलं बळीराजा धरण बघायला गेले होते. येरळा नदीवर लोकांनी स्वतः श्रम करून, वाळूच्या पैशातून बांधलेलं. पाणी सगळ्या घरांना, भूमिहीनांनासुद्धा, असा हिशेब त्या चळवळीने घातला. पुढे आटपाडीत समन्यायी वाटपाची, बंदिस्त पाइपने पाणी देण्याची मागणी त्यातूनच आली. याला मी नेत्यांचं सहकार्य म्हणते. स्वतःच्या मतदारसंघाबाहेरच्या माणसासाठी घाम गाळणं.

याला इतिहासही आहे. आमची आटपाडी औंध संस्थानात होती. कुंडलही औंधचंच. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ साली स्वतःहून राज्याधिकार प्रजेच्या हाती दिला. गांधीजींचा सल्ला घेऊन राज्यघटना केली, गावपंचायतींवर कारभार सोपवला. राजाने स्वतःच! आणि त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत काढली. पुढे १९४३ ते ४६ नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, त्याचं मोठं बळ याच कुंडल भागात. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा, किसन वीर. आज "पत्री सरकार" म्हटलं की लोकांना मारहाणच आठवते. पण त्यांनी न्यायमंडळं चालवली, सावकारीला आळा घातला, कमी खर्चाची लग्नं लावली, गावगुंडांचा बंदोबस्त केला. भूमिगत माणसं, डोक्यावर बक्षिसं, आणि तरी गटागटांत कामं वाटून घेतलेली, हिशेब ठेवलेला. तेव्हा सातारा-सांगली असं वेगळं नव्हतंच. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ ला झाला, त्याचं नाव सांगली १९६० ला. कागदावरच्या त्या रेषेला आता पंचाहत्तर वर्षं झाली आणि आपण तिला नदीपेक्षा जुनी समजायला लागलो.

आता कर्नाटककडे येते. इथे माझ्या सासरची माणसं माझ्यावर रागावणार आहेत, तरी लिहिते.

अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायला आपला विरोध आहे. माझाही आहे. आत्या अजून पाऊस लागला की रात्री उठून पायरीवर पाणी आलंय का बघतात. पण २०१९ नंतर सरकारनेच नेमलेल्या वडनेरे समितीने पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, उलट आपल्याकडच्या नदीपात्रातल्या अतिक्रमणांवर, बांधकामांवर, पावसाच्या प्रमाणावर बोट ठेवलं. कृती समितीच्या लोकांना ते पटलं नाही, त्यांचीही आकडेवारी आहे, मांडू दे. पण समजा अलमट्टी शंभर टक्के दोषी आहे. तरी सांगलीतली पूररेषेतली बांधकामं कुणी होऊ दिली? ते काही बंगळुरूवरून ठरलं नाही. अलमट्टीवर बोलताना आपल्या सगळ्या पक्षांचे नेते एका सुरात बोलतात कारण अलमट्टीला इथे मत नाही.

उन्हाळ्यात चित्र उलटं असतं. दरवर्षी एप्रिल-मे आला की कर्नाटक पत्र पाठवतं, कोयना-वारणेतून पाणी सोडा, बेळगाव-विजयपूर-बागलकोटला प्यायला नाही. आपण कधी सोडतो, कधी ताणतो. आणि आपल्याच जतच्या पूर्व भागाला पाणी नाही, जे कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेतून सहज पोचू शकतं. २०१२ ला जतच्या ४२ गावांनी ठराव केला, पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो. दहा वर्षं तो ठराव पडून. २०२२ च्या नोव्हेंबरात बोम्मईंनी त्या गावांवर हक्क सांगितला, तुबचीचं पाणी तिकोंडीच्या तलावात येऊन पडलं, तेव्हा कुठे मुंबईत विस्तारित म्हैसाळची फाइल पळायला लागली. आपल्याच जनतेला पाणी देण्यासाठी परक्या मुख्यमंत्र्याने चिमटा काढावा लागला! त्या वेळी आपण सगळे अस्मितेच्या पोस्टी टाकत होतो, मीसुद्धा एक टाकली होती. जतच्या माझ्या एका मैत्रिणीने खाली फक्त लिहिलं, "तू ये, घागर घेऊन ये." मी ती पोस्ट काढून टाकली.

उन्हाळ्यात आम्ही कोयनेतून तुम्हाला देतो, तुम्ही तुबचीतून जतला द्या. हा अदलाबदलीचा विचार दोन्हीकडच्या लोकांनी कितीदा बोलून दाखवलाय. याला मालकी सामायिक करायची गरज नाही, सेनेगलइतकं मोठं मनही लागत नाही. एक कायमचा करार लागतो, दरवर्षीची पत्रापत्री नको. असा करार झाला की पत्र पाठवून, उत्तर देऊन, "आम्ही पाणी सोडायला लावलं" असं सांगण्यातली मजा जाते, हीच अडचण असावी.

चांगलं झालं तेही सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसतीच करवादते. २०२१ च्या जूनमध्ये जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळुरूला जाऊन येडियुरप्पांना भेटले, धरणांची माहिती एकमेकांना वेळेत द्यायचं ठरलं. पक्ष वेगळे, राज्यं वेगळी. पुढच्याच महिन्यात पूर आला, पाऊसच तसा होता, पाटण तालुक्यात दरडींखाली वाड्या गेल्या. पण आमच्याकडे त्या वेळी पाणी किती येणार, कधी येणार हे २०१९ पेक्षा आधी कळलं. आम्ही जनावरं आदल्या दिवशी हलवली. एका बैठकीने एवढा फरक पडू शकतो. मग ती बैठक दरवर्षी, कुणीही मंत्री असो, ठरलेल्या तारखेला का नाही?

योजनेची वीजबिलं थकली म्हणून पंप बंद पडायचे ते दिवस आता मागे पडले. ८१ टक्के सरकार, १९ टक्के शेतकरी असा वाटा ठरला. चांगला निर्णय. पण १९ टक्के भरून टेलच्या शेतकऱ्याला आवर्तनाचं पाणी किती मिळालं, हे कोण तपासतं? वरच्या अंगाला ऊस, खालच्या अंगाला वाट बघणं. माझा भाऊ टेलला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने कालवा बघायला रात्री तीन वाजता मोटरसायकल काढली, वाटेत कुणीतरी दार उघडून पाणी वळवलेलं. कुणी वळवलं ते सगळ्या गावाला माहीत आहे. तक्रार दिली तर म्हणाले, "पुढच्या पाळीला बघू."

म्हणून माझं म्हणणं एवढंच की ती आफ्रिकेतली तपासणी इथे आणा. वाळव्याच्या आमदाराने माणचा कालवा तपासावा, माणच्याने जतचा, जतच्याने कराडचा. सोबत एक पलीकडच्या अथणीचा माणूस घ्या. टेलला उभं राहा, तारीख लिहा, पाणी किती ते लिहा, तिथल्या बायकांना विचारा. आणि तो कागद जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत त्या तालुक्याच्या आमदारासमोर मोठ्याने वाचा. पैसे लागत नाहीत, कायदा लागत नाही. लाज लागते थोडी.

ग्रुपवर मी शेवटी सेनेगल नदीचा नकाशा टाकला. कुणी हसलं नाही, कुणी काही बोललंही नाही. रात्री उशिरा भावाचा मेसेज आला, "तायडे, त्यांच्या टेलला पाणी पोचतंय का?" मी लिहिलं, पोचतंय, पण त्यांच्याबी तक्रारी हायेत. त्याने अंगठा टाकला.

तुमच्या पोटकालव्याच्या टेलला शेवटचं आवर्तन कधी पोचलं ते गाव आणि तारखेसकट कमेंटमध्ये लिहा. सातारा, सांगली, सोलापूर, बेळगाव, विजयपूर, कुठलंही चालेल. पुढाऱ्यांची नावं नकोत, फक्त गाव आणि तारीख. मी एका वहीत उतरवून ठेवणार आहे.